धावपट्टीवरच्या चाकोऱ्या

मे महिन्यातली सकाळ होती, नऊ वाजले असतील. मी धावपट्टीच्या टोकाशी गुडघे टेकून बसले होते आणि माझ्या हातात तीन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी होती. ही पट्टी डांबरावर आडवी ठेवायची आणि तिच्याखाली फट दिसते का ते बघायचं, एवढंच काम. पृष्ठभाग सपाट असला तर पट्टीखाली नखही जात नाही. माझी दोन बोटं आत गेली.

पट्टी उचलून मी चार पावलं पुढे ठेवली. तिथेही तेच. मग तळहात फिरवून पाहिला. विमानाची चाकं जिथे उभी राहतात तिथे डांबर खाली बसलं होतं, आणि त्या खोलगट पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ते वर उचललं गेलं होतं. चिखलाच्या वाटेवर बैलगाडीची चाकोरी पडते आणि चिखल दोन्हीकडे सरकून उभा राहतो, अगदी तसं. ते डांबर टाकून पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या मालाच्या चाचणीच्या रजिस्टरवर माझी सही होती.

त्या उंचवट्यावर हात ठेवला तेव्हाच हे कावून झालं ते मला समजलं होतं. कावून हा आमच्या घरातला शब्द. 'का' म्हणायला मी नोकरीत शिकले. समजलं, तरी पुढचे कितीतरी दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही. ही हकीकत त्या दिवसांची आहे.

आमचं घर भिलाईतल्या मरोद्याला. आजोबा विदर्भातून भिलाईला आले ते पोलादाचा प्लांट उभा राहत असताना, डोक्यावर टोपली घेऊन. बाबा त्याच प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर, लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांची छाती तेव्हापासून सतत घरघरते. घरात आई, बाबा आणि मी. भाऊ परराज्यात. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि दोन वर्षं घरी बसले. सकाळी अर्ज लिहायचे, दुपारी ते टाकायला जायचं, संध्याकाळी शेजारच्या बायकांच्या "काही जमलं का गं?" ला उत्तर द्यायचं. मग एका ठेकेदार कंपनीत लॅब टेक्निशियनची जागा मिळाली. भिलाईपासून जीपने तास-सव्वा तासावर एका धावपट्टीवर नवा डांबराचा थर टाकायचं काम त्यांनी घेतलं होतं. पहिल्या दिवशी डोक्यावर हेल्मेट घालून मी निघाले तेव्हा आईनं अंगणाच्या फाटकापर्यंत येऊन पाहिलं होतं.

लॅब म्हणजे पत्र्याची खोली. आत एक भट्टी, एक वजनकाटा, एक दाबयंत्र आणि मी. खडी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या हॉट मिक्स प्लांटमधून गरम माल निघाला की त्यातला थोडा आणायचा, लोखंडी साच्यात ठोकून त्याचे डब्याएवढे गोळे करायचे, थंड झाले की वजन करायचं आणि दाबयंत्रात घालून ते किती भार घेतात ते बघायचं. त्यात हवेच्या पोकळ्या किती उरल्या हेही काढायचं. वाचणाऱ्याला वाटेल की पोकळी म्हणजे खोट. तसं नाही. थोडी पोकळी लागतेच. उन्हात डांबर फुगतं, पसरतं. त्याला जायला जागा हवी. जागा नसली की ते खडीच्या दाण्यांमध्ये तेलासारखं शिरतं आणि दाणे एकमेकांवरून घसरायला लागतात. मग भार खडी घेत नाही, डांबरच घेतं. आणि तापलेल्या डांबराला भार घेता येत नाही.

हे पुस्तकातलं. हातानं शिकवलं ते रोलर चालवणाऱ्या काकांनी.

काका छत्तीसगढी, दुर्गच्या पलीकडच्या एका खेड्यातले. साठीला टेकलेले, अंगानं बारीक, आयुष्यभर रोलरवर बसून गुडघे वाकलेले. मला ते 'नोनी' म्हणायचे, म्हणजे मुली. साइटवर मी एकटीच बाई. पहिल्या आठवड्यात कोणी मला मोजत नव्हतं तेव्हा काकांनी मला रोलरच्या बाजूनं चालायला लावलं. म्हणाले, चाकाखालचा आवाज ऐक. माल सैल असतो तेव्हा आवाज दबका येतो, बसत जातो तसा तो कडक होतो. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. गरम मालावर रोलर कधी उभा करायचा नाही. चालता रोलर कितीही जड असो, माल सपाट करतो. उभा राहिला तर दोन मिनिटांत खड्डा पाडतो. काका पाणी प्यायलासुद्धा रोलर थंड झालेल्या पट्ट्यावर नेऊन उभा करायचे आणि तिथून चालत यायचे. मला ते जरा जास्तच वाटायचं.

डिसेंबरपर्यंत काम नीट चाललं. धावपट्टीचा शेवटचा तुकडा राहिला होता, जिथे विमानं वळतात आणि उडण्याआधी उभी राहतात तो. त्याच आठवड्यात खडीच्या खाणीतला क्रशर बंद पडला. आमच्या मालात बारीक दाणा म्हणून क्रशरची चुरी जात होती. चुरीचे दाणे फुटलेले असतात, कोनाकोनांचे. ते एकमेकांत अडकून बसतात. चुरी येईना तेव्हा प्लांट इन्चार्जनी नदीची रेती मागवली. नदीची रेती डोळ्याला छान दिसते, स्वच्छ, गोल. पाण्यानं घासून घासून तिचे कोपरे गेलेले असतात.

मी त्या मालाचे सहा गोळे केले. एकाही गोळ्यात पुरेशी पोकळी नव्हती. दाबयंत्रात घातले तर ते फुटायच्या आधीच पसरत होते. मी रजिस्टर घेऊन इन्चार्जच्या केबिनमध्ये गेले. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असतील, बोलायला वाईट नव्हते. फोन कानाला लावूनच त्यांनी आकडे पाहिले.

"मॅडम, माल पसरणारा पेव्हर उभा आहे, माल ट्रकमध्ये आहे. तो थंड झाला तर फेकावा लागेल."

"सर, पण हा माल उन्हाळ्यात सरकेल."

"कोण म्हणतं?"

मी रजिस्टर पुढे केलं.

"कालचा माल कसा होता?"

"चांगला होता."

"मग कालचाच आकडा टाका. तीन दिवसांचा प्रश्न आहे. टाकणार की दुसऱ्याला बोलावू?"

हे ते रागावून बोलले नाहीत. सहज बोलले. मी पत्र्याच्या खोलीत परत आले, स्टुलावर बसले आणि कालचे आकडे एकेक करून खाली उतरवले. जरा वेगळे दिसावेत म्हणून एकदोन ठिकाणी शेवटचा अंक बदलला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या डोक्यानं केलं. तीन दिवस केलं. ते खरे गोळे मात्र फेकवले नाहीत. खडूनं तारीख घालून भट्टीच्या मागे ठेवून दिले. कशासाठी ठेवले ते आजही मला नीट सांगता येत नाही.

हिवाळ्यात काहीच झालं नाही. थंडीत डांबर दगडासारखं असतं. फेब्रुवारीत धावपट्टीचा समारंभ झाला, आम्हाला लाडू मिळाले. मार्चपासून एक जड मालवाहू विमान रोज येऊ लागलं. मग ऊन तापलं. भिलाईचं ऊन ज्यानं खाल्लं आहे त्याला डांबराचं काय होतं ते सांगायला नको. आमच्याकडे दुपारी चपलेचा तळ रस्त्याला चिकटतो. ते विमान टोकाला जाऊन वळायचं, परवानगीची वाट बघत उभं राहायचं आणि मग निघायचं. ट्रकही जड असतो. पण विमानाचं सगळं वजन थोड्याच चाकांवर असतं आणि त्या चाकांत हवा ट्रकच्या चाकांपेक्षा कितीतरी कडक भरलेली असते. शिवाय सगळी विमानं मधल्या रेघेवरूनच चालतात. म्हणजे रोज त्याच जागी, तीच दाबणारी चाकं.

मे उजाडेपर्यंत तिथे चाकोऱ्या पडल्या. पावसात त्यात पाणी साचलं असतं आणि पाण्यावर विमान घसरलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी तेव्हा पुरता करतही नव्हते. तो अर्ध्यावर आला की मी उठून दुसऱ्या कामाला लागायचे.

पट्टी टाकून मी माप घेतलं त्याच दुपारी इन्चार्जनी सगळ्यांना बोलावलं. वरून पत्र आलं होतं, कारण द्या. ते टेबलावर माझं रजिस्टर उघडून बसले होते.

"माल तर रजिस्टरप्रमाणे उत्तम होता," ते म्हणाले आणि क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे दाबाई कमी पडली. रोलर."

काका दाराशी उभे होते. त्यांना आधी कळलंच नाही. मग साइटवरचा हिशोब ठेवणाऱ्या मुनशीनं त्यांना छत्तीसगढीत सांगितलं. ते हसले, कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटून. "मैं?" एवढंच म्हणाले.

दाबाई कमी पडली तर माल नुसता खाली बसतो, बाजूला उचलला जात नाही. हे मला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं. बाजूचा उंचवटा मी हातानं चाचपून आले होते. माझ्याच खोट्या आकड्यावर काकांचा दोष उभा राहत होता, आणि तो आकडा काढून घ्यायला मला एक वाक्य पुरलं असतं.

काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. संध्याकाळी ते आपली पिशवी आणि पाण्याचा डबा घेऊन पत्र्याच्या खोलीपाशी आले. आत नाही आले.

"नोनी, तोर मसीन का कहिस?" त्यांनी विचारलं. तुझं यंत्र काय म्हणालं.

मी वजनकाट्याकडे बघत म्हणाले, "ठीक होतं, काका."

"बने," ते म्हणाले, बरं. आणि गेले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. रोज जीपमध्ये बसायचे, रोज उतरायचे. कोणी नावानं हाक मारली तरी दचकायचे. अन्न तोंडात फिरायचं. आंघोळ करताना मी मोठ्यानं वाक्यं म्हणून पाहायचे: सर, तो आकडा माझा आहे. सर, मी खोटं लिहिलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून बादलीवर तांब्या आपटायचे. नोकरी जाईल, एवढीच भीती नव्हती. पुन्हा ते अर्ज, ती दुपार, ते फाटक, ते "काही जमलं का?" त्या विहिरीतून मी एकदा वर आले होते. परत आत उतरायचं नव्हतं.

बुद्ध जयंतीला आमच्या गल्लीत कार्यक्रम असतो. त्या वर्षी गल्लीत नुकतंच डांबर टाकलं होतं. त्यावरच मंडप घातला, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. वंदना झाली, खीर वाटली गेली, भाषणं लांबली. ऊन मंडपाच्या कापडातून उतरत होतं. शेवटी लोक उठले आणि खुर्च्या उचलायला लागले, तर काही उचलल्याच जाईनात. पाय डांबरात रुतले होते. ओढून काढल्या तर प्रत्येक खुर्चीमागे चार भोकं. लोक हसत होते. सकाळी त्याच जागेवरून सामानाचा ट्रॅक्टर गेला होता. त्याची साधी खूणही नव्हती.

बाबा एका भोकाकडे वाकून बघत होते. चाळीस वर्षं त्यांनी कोळशातून निघणारं डांबर पाहिलेलं. म्हणाले, "हे पाय ना पोरी. ट्रॅक्टर गेला तं काही नाही झालं, अन् म्या बुढा बसलो तं भोक पडलं."

"तो निघून गेला, बाबा. तुम्ही बसून राहिलात."

"हाव. गरम डांबराले टाइम नाही द्यायचा."

काकाही हेच सांगायचे. मला तिथेच रडू कोसळलं. लोक बघायला लागले. बाबा मला हाताला धरून घरात घेऊन आले. आई मागोमाग आली आणि तिनं दार लोटलं.

"काय झालं? कावून जेवून नाही राहिली तू इतक्या दिवसापासून?" आईनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. रेती, गोळे, कालचा आकडा, काका. बोलताना माझी नजर फरशीवर होती.

"त्याईले घरी बसवलं?" बाबा म्हणाले. "रोलरवाल्याले?"

"हो."

"अन् तू सांगशीन तं?"

"मला काढतील. माझं नाव खराब होईल. दुसरीकडे कोणी घेणार नाही."

मला वाटलं आता बाबा म्हणतील, खरं सांग पोरी. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे हात करतील. लहानपणापासून त्यांनी तेच शिकवलं होतं. मी त्या एका वाक्याची वाट बघत होते, म्हणजे मग मला ते करता आलं असतं आणि केल्याचा भारही अर्धा त्यांच्यावर गेला असता.

बाबा म्हणाले, "मले काही सांगता नाही येत."

"म्हणजे?"

"दोन वर्षं तू घरात कशी होती ते म्या पायलं आहे. एकटी एकटी बोले. तुई आई भेत होती तुले खोलीत एकटं सोडाले. आता मी कसं म्हणू, जा, सोडून दे? अन् गप राय असंबी नाही म्हणता येत." ते खाटेवर बसले. "तुया हातानं लिवलं. तूच पाय."

मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मोठं माणूस असून त्यांनी माझा हात सोडला, असं वाटलं. त्यांनाही झोप येत नव्हती हे मला आईनं फार नंतर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तपासणीला एक साहेब आले. ज्यांची धावपट्टी होती त्यांच्या बाजूचे, रायपूरचे. पांढरे केस, उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. माझं आडनाव वाचून ते मराठीतच बोलायला लागले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून रायपूरला होतं, मराठी जुनी आणि जपलेली. त्यांनी रजिस्टर चाळलं, एका पानावर थांबले, पुढे गेले, परत त्या पानावर आले.

"हे तीन दिवस फार सारखे आहेत," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

इन्चार्ज चहा सांगायला बाहेर गेले होते. खोलीत मी आणि साहेब. आता बोलायचं, असं मी ठरवलं वगैरे काही नाही. मी उठले, भट्टीच्या मागे हात घातला आणि ते गोळे टेबलावर आणून ठेवले. एक, दोन, तीन, सहा. त्यांच्यावर धूळ बसली होती. खडूची तारीख वाचता येत होती.

"हा माल आहे, साहेब. रजिस्टरमधला नाही. हा."

त्यांनी एक गोळा उचलून उजेडाकडे धरला. डांबर वर येऊन त्याची कड चकचकत होती.

"रेती?"

"नदीची."

"आकडे कोणी लिहिले?"

"मी."

"कोणी सांगितलं?"

मी सांगितलं. मग मीच पुढे म्हणाले, "पण लिहिले मी. रोलरवाल्या काकांची दाबाई बरोबर होती. त्यांना काढलंय."

साहेबांनी गोळा खाली ठेवला आणि रुमालानं हात पुसले. ते मला काही लागेल असं बोलले नाहीत, धीरही दिला नाही. म्हणाले, "तुमच्या बोलण्यावर मला काही ठरवता येणार नाही. उद्या सकाळी कापून बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानं येण्याआधी चाकोरीच्या आडवी चर कापली. करवतीच्या पात्यावर पाणी सोडत कामगारांनी डांबराच्या दोन समांतर रेघा कापल्या, मधला भाग तुकड्या-तुकड्यांनी उचलला आणि कडेची भिंत पाण्यानं धुतली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. केक कापल्यावर थर दिसतात तसे थर दिसत होते. सगळ्यात खाली खडी. तिच्यावर जुनं डांबर. त्या दोघांच्या मधली रेघ सरळ होती, दोरी ओढल्यासारखी. जमीन खचली असती तर ती रेघही वाकली असती. वरचा, आमचा थर तेवढा चाकाखाली पातळ झाला होता आणि दोन्ही बाजूंना जाड. काही कमी झालं नव्हतं. जे चाकाखालून गेलं ते बाजूला जाऊन उभं राहिलं होतं.

साहेबांनी त्या रेघेवरून काठी फिरवली. "खालून काही नाही. दाबाईचंही नाही. माल वाहिलाय."

इन्चार्ज माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं होतं, हे सिद्ध झालं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. त्या भिंतीत, डांबरात, नदीची गोल गोल रेती उघड दिसत होती. मी ती डिसेंबरातही पाहिली होती.

त्या दुपारी मला लॅबची किल्ली द्यायला सांगितलं. कंपनीनं वर जे उत्तर दिलं त्यात दोष लॅब टेक्निशियनचा होता, एकटीचा. इन्चार्जना दुसऱ्या साइटवर पाठवलं. मी जीपची वाट न बघता फाटकातून बाहेर पडले आणि फाट्यापर्यंत उन्हात चालत आले. पायाखालचा रस्ता मऊ होता.

शेवटचा तुकडा पूर्ण खरवडून काढला आणि पावसाआधी पुन्हा टाकला, चुरी घालून, जास्त कडक डांबरानं. हे मला मुनशीनं फोनवर सांगितलं. साहेबांनी एक गोष्ट केली. काकांच्या कामात दोष नव्हता असं एक पत्र त्यांनी लिहवून घेतलं. मी म्हटलं, मी नेऊन देते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुर्गहून बस पकडून मी काकांच्या गावी गेले. उतरल्यावर विचारत विचारत घर सापडलं. काका अंगणात सुतळी वळत बसले होते. मला बघून ते उठले, त्यांनी खाट ओढली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. ते आधीपेक्षा लहान दिसत होते. रोलरवर बसलेल्या माणसाला आपण नेहमी खालून बघतो, म्हणूनही असेल.

सुनेनं पत्र वाचून दाखवलं. काकांनी मान हलवली. मग मी सांगितलं. त्या दिवशी तुम्ही दाराशी येऊन विचारलंत ना काका, यंत्र काय म्हणालं. मी खोटं सांगितलं. यंत्रानं डिसेंबरातच सांगितलं होतं.

त्यांनी सुतळी खाली ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. त्या घ्यायलाच गेले होते.

"त पहिली काबर नइ बताये, नोनी?" ते म्हणाले. मग आधी का नाही सांगितलंस.

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाहून मी म्हणाले, "भीती वाटली."

"कोन ला? वो साहब ला?" कोणाची, त्या साहेबाची?

"नाही. घरी बसण्याची."

काकांनी स्वतःच्या अंगणाकडे पाहिलं. खाट, सुतळी, भिंतीला टेकवलेली सायकल. मला माझं वाक्य ऐकू आलं, आणि कुठे तोंड लपवावं ते कळेना.

कंपनीनं त्यांना परत बोलावलं नाही. रोलरवर दुसरा माणूस बसला होता आणि पत्र आलं म्हणून कोणी त्याला उतरवणार नव्हतं. दुसऱ्या ठेकेदारांनी वय विचारलं आणि नाही म्हटलं. त्यानंतर काका कधी रोलरवर बसले नाहीत. हे मला माहीत आहे कारण मी दर वर्षी एकदा जाते. ते मला पाणी देतात, पिकाचं सांगतात. त्या गोष्टीवर पुन्हा बोलणं झालं नाही.

मला दीड वर्ष काम मिळालं नाही. ते दीड वर्ष मी घरी काढलं, आणि जितकी भीती वाटली होती तितकंच ते वाईट होतं. त्यात काही कमी झालं नाही. आई मला खोलीत एकटं सोडत नव्हती. बाबा रोज दुपारी माझ्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे, एकेक पान फार हळू उलटत. एकदा मी विचारलं, "तेव्हा सांगितलं का नाही, बाबा, की बोल म्हणून?"

"मी सांगतलं असतं अन् तू अशी घरी बसली असती," ते म्हणाले, "तं मले ते पायणं झालं नसतं."

नंतर दुर्गला, मोहन नगरमध्ये, माती आणि काँक्रीट तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये जागा निघाली. मालकानं विचारलं, आधीची नोकरी का सुटली? मी सांगितलं, आकडा खोटा लिहिला होता. त्यानं पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि सोमवारपासून या म्हणाला. का, ते मी विचारलं नाही. तिथे मी अजून आहे. लोक काँक्रीटचे चौकोनी ठोकळे, क्यूब, घेऊन येतात, कधी म्हणतात, मॅडम, जरा बघा ना, थोडंच कमी आहे. मी जो येतो तो आकडा लिहिते. माझा हात दर वेळी थोडा थांबतो, आणि मग लिहितो.